बॅलीलीचा मनोरा: ओसाड किल्ला नव्हे, नांदते घर

आयर्लंडमधील एका मनोऱ्याविषयीचा छोटा मजकूर मराठी वाचकांमध्ये मोठ्या कौतुकाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: 'गॉलवे परगण्यातील बॅलीली हा आठशे वर्षांपूर्वीचा नॉर्मन किल्ला शतकानुशतके ओसाड पडला होता. कवी विल्यम बटलर येट्स यांनी १९१७ मध्ये तो अवघ्या ३५ पौंडांना विकत घेतला, स्वतःच्या हातांनी राहण्याजोगा केला आणि अखेरपर्यंत तिथेच एकांतात वास्तव्य केले. याच किल्ल्यात आपल्या विदर्भातील पुरोहित स्वामींसोबत त्यांनी उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला.' यातील सहा विधानांपैकी एकच, म्हणजे किमतीचे, खरे आहे आणि त्याचाही अर्थ चुकीचा लावला गेला आहे. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा. परंतु त्याने एका नांदत्या घराचा इतिहास पुसला आहे आणि एका मराठी माणसाच्या कामाला चुकीचा पत्ता चिकटवला आहे. या दोन्ही गोष्टी मला खटकतात, म्हणून एकेक विधान तपासून पाहतो.

पहिले विधान 'आठशे वर्षांपूर्वीचा नॉर्मन किल्ला' हे आहे. नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले ते ११६९ मध्ये, आणि त्यांनी बांधलेले किल्ले वेगळ्या जातीचे होते: आधी मातीच्या उंचवट्यावरचे लाकडी कोट आणि नंतर मीथ परगण्यातील ट्रिमसारखे प्रचंड दगडी दुर्ग. बॅलीलीची वास्तू त्यानंतर काही शतकांनी, पंधराव्या किंवा सोळाव्या शतकात, उभी राहिली. ती ज्या प्रकारची आहे त्याला तिकडे 'टॉवर हाउस' म्हणतात. साधारण १४०० ते १६५० या काळात आयर्लंडमध्ये असे मनोरे अक्षरशः हजारोंनी बांधले गेले. नॉर्मन वंशाच्या घराण्यांनी ते बांधले, तसेच मूळच्या गेलिक घराण्यांनीही बांधले. बॅलीलीचा मनोरा बर्क घराण्याचा होता. हे घराणे बाराव्या शतकात आलेल्या द बर्ग या नॉर्मन कुळातून निघाले हे खरे. पण मनोरा बांधला गेला तोवर त्यांनी आयरिश भाषा, आयरिश कायदा आणि आयरिश चालीरीती इतक्या आपल्याशा केल्या होत्या की त्यांच्या घराला नॉर्मन म्हणणे म्हणजे पणतवंडाच्या वाड्याला खापरपणजोबाच्या गावाचे नाव देण्यासारखे आहे. १५८५ मध्ये कॉनॉट प्रांतातील जमीनदारांशी इंग्रजी सत्तेने जो करार केला, त्या वेळच्या नोंदीत हा मनोरा आयलंडमोर या नावाने याच घराण्याकडे दाखवला आहे. या चुकीला काही अंशी स्वतः कवीही जबाबदार आहेत. आपल्या कवितेत त्यांनी मनोऱ्याचा संस्थापक म्हणून घोडेस्वारांची तुकडी जमवणारा एक शस्त्रधारी गडी कल्पिला आणि वाचकांनी तो इतिहास म्हणून स्वीकारला.

'किल्ला' हा शब्दही मुळात योग्य नाही. किल्ल्यात शिबंदी असते. टॉवर हाउसमध्ये कुटुंब राहत असे. गावच्या जमीनदाराने दरोडेखोरांपासून आणि भांडखोर शेजाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून जाड भिंतींचे जे राहते घर बांधावे, त्याला मराठीत नेमका शब्द आहे तो म्हणजे गढी. जमिनीलगतचा मजला अंधारा ठेवून तिथे धान्य आणि सामान भरायचे, खालच्या भिंतीत बाणाएवढ्या फटी ठेवायच्या, आणि जसजसे वर जावे तसतशा खिडक्या मोठ्या, उजेड जास्त, चूल मोठी आणि बसण्या-उठण्याची खोली प्रशस्त अशी या घरांची रचना असे. सर्वांत वरच्या दालनात घरधनी पाहुण्यांना जेवू घालत असे. त्या काळातील सरकारी दृष्टीही हेच सांगते: १४२९ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नावाने असा कायदा झाला की डब्लिनच्या आसपासच्या चार परगण्यांत जो कोणी २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच मनोरा बांधील त्याला १० पौंडांचे साहाय्य मिळेल. गॉलवेचा या चार परगण्यांत समावेश नव्हता, त्यामुळे बॅलीलीला त्या अनुदानाचा संबंध नाही. परंतु राजाला प्रजेकडून काय हवे होते ते या मापांवरून कळते. वीस बाय सोळा फुटांत सैन्य मावत नाही, एक घर मावते.

दुसरे विधान 'शतकानुशतके ओसाड' हे मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण ते खोटे ठरवण्यासाठी कोणत्याही दुर्मीळ दफ्तरात शिरावे लागत नाही. येट्स यांचे स्वतःचे लिखाण पुरेसे आहे. १८९७ पासून ते उन्हाळ्यात तिथून काही मैलांवर असलेल्या कूल पार्क या आयरिश नाटककार लेडी ग्रेगरी यांच्या घरी राहायला येत असत. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी बॅलीलीचे वर्णन केले आहे. त्यात जुना चौकोनी मनोरा आहे आणि त्या मनोऱ्यात एक शेतकरी आणि त्याची बायको राहत आहेत. शेजारच्या झोपडीवजा घरात त्यांची मुलगी आणि जावई आहेत, एक छोटी गिरणी आणि तिचा म्हातारा गिरणीवाला आहे, नदीत पाय टेकवून पलीकडे जाण्यासाठी मोठे दगड आहेत. याला कोणी ओसाड म्हणत नाही. मनोरा विकत घेण्याच्या अठरा वर्षे आधी कवीने तिथे पाहिले ते दोन पिढ्यांचे एक साधे शेतकरी कुटुंब, आणि हे कुटुंब बर्क घराण्यानंतर त्या भिंतींआड राहिलेल्यांच्या लांबलचक रांगेतील एक होते.

तो लेख वास्तूवर नव्हताच. त्याचा विषय होता मेरी हाइन्स, बॅलीलीची एक देखणी मुलगी, जिच्यावर अँथनी राफ्टरी या आंधळ्या लोककवीने आयरिश भाषेत गाणे रचले होते. राफ्टरी १८३५ मध्ये वारला. येट्स तिथे पोहोचले तेव्हाही म्हाताऱ्या बायका त्या मुलीची आठवण काढत होत्या आणि गाणे लोकांच्या तोंडी होते. त्या गाण्यात बॅलीलीच्या 'भक्कम तळघरा'चा उल्लेख येतो, आणि गावातल्या एका जाणत्याने त्याचा अर्थ असा सांगितला की नदी जिथे जमिनीखाली गडप होते ती जागा म्हणजे ते तळघर. म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्या एका कवीमुळे हे गाव काव्यात आले असे नव्हे; ते आयरिश काव्यात आधीपासून होते आणि येट्स त्या वाटेने मागाहून चालत आले. ओसाडपणाची कथा पसरली की मेरी हाइन्स, राफ्टरी, तो शेतकरी, ती गिरणी हे सगळे एका फटक्यात नाहीसे होतात, आणि उरतो फक्त रिकामा दगड व त्यात जीव ओतणारा थोर पुरुष. आपल्याकडच्या वाड्यांविषयी कोणी असे लिहिले तर आपल्याला चालणार नाही.

मग १९१६-१७ मध्ये मनोरा रिकामा का होता? त्याचे कारण जमीनसुधारणेत आहे. हा भाग ग्रेगरी कुटुंबाच्या जहागिरीत मोडत होता. १८९१ मध्ये स्थापन झालेले कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड हे सरकारी मंडळ पश्चिम आयर्लंडमधील मोठ्या जहागिरी विकत घेऊन त्या लहान शेतकऱ्यांत वाटत असे, आणि बॅलीलीची जमीन या व्यवहारात मंडळाकडे आली. शेते वाटली गेली. मनोरा तेवढा मंडळाच्या हाती उरला. म्हणजे त्याचे रिकामे असणे हे काही वर्षांचे होते, शतकांचे नव्हे.

३५ पौंडांचे विधान इथेच उलगडते. आकडा बरोबर आहे. येट्स यांनी त्या रकमेत मनोरा, त्याला लागून असलेली गवताच्या छपराची घरे आणि थोडी जागा घेतली. पण 'अवघ्या ३५ पौंडांना किल्ला' असे म्हणताना जणू एखादे घबाड हाती लागल्याचा सूर लावला जातो, तो चुकीचा आहे. जमीन वाटणाऱ्या मंडळाच्या हिशेबात नांगर न चालणाऱ्या दगडी मनोऱ्याला किंमतच नव्हती, आणि घेणाऱ्यालाही हातात आला तो छप्पर नसलेला सांगाडा होता. खरा खर्च खरेदीनंतर सुरू झाला आणि अनेक वर्षे चालला. १९२० मध्ये येट्स पत्नीसह अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले, त्यामागे या घराच्या छपरासाठी पैसा उभा करणे हेही एक कारण होते.

'स्वतःच्या हातांनी' हे शब्द बहुधा मनोऱ्यावरील शिलालेखावरून आले असावेत. मनोरा मी माझी पत्नी जॉर्ज हिच्यासाठी पुन्हा उभा केला, असे त्या सहा ओळींत कवीने म्हटले आहे आणि त्याच ओळींत गिरणीच्या जुन्या फळ्या, समुद्री हिरव्या रंगाचे पाटीचे दगड आणि जवळच्या गॉर्ट गावातील लोहारशाळेतले लोखंडकाम यांची नावे घेतली आहेत. शिलालेख नीट वाचला तर तोच सांगतो की हे काम लोहाराचे, सुताराचे आणि गवंड्याचे होते. आराखडा डब्लिनचे वास्तुविशारद विल्यम स्कॉट यांनी केला. मोडीत निघालेल्या एका जुन्या गिरणीच्या तुळया आणि जाड फळ्या विकत घेऊन त्यांची जमीन आणि तक्तपोशी झाली. येट्स इंग्लंडमध्ये असताना कामावर देखरेख ठेवली ती बऱ्याच अंशी लेडी ग्रेगरी यांनी, ज्या तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. जिना भिंतीच्या जाडीतच कोरलेला, गोल वळणारा आणि अरुंद; भिंतीची जाडी सुमारे सात फूट. त्या जिन्यावरून मोठे सामान वर जाणे शक्य नव्हते, म्हणून पलंगासारख्या वस्तू स्थानिक सुतारांनी खोलीतच घडवल्या. झोपायच्या खोलीचे छत रंगवले जॉर्ज येट्स यांनी, आणि घराला पाणी नळाने येत नव्हते, ते नदीवरून आणावे लागे. ज्या हिरव्या दगडी कौलांचा शिलालेखात एवढा अभिमान आहे, ती छपरावर कधी चढलीच नाहीत, आणि सर्वांत वरची खोली येट्स कुटुंब तिथे होते तोवर अपुरीच राहिली. शिलालेखाचा दगडही भिंतीत बसवला गेला तो कवीच्या मृत्यूनंतर.

या सगळ्यात जॉर्ज यांचे नाव फिरत्या मजकुरात एकदाही येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. कवीने लग्न केले २० ऑक्टोबर १९१७ रोजी, म्हणजे मनोरा घेतल्यावर काही महिन्यांनी. १९१८ च्या उन्हाळ्यात दोघे जवळच्याच एका उसन्या घरात राहून काम पाहत होते. त्याच काळात लेडी ग्रेगरी यांचा मुलगा रॉबर्ट महायुद्धात, इटलीत, विमान पडून मरण पावला होता, आणि त्याच्यावर लिहिलेल्या दीर्घ शोककवितेची सुरुवातच आता आपण आपल्या घरात जवळजवळ स्थिरावलो आहोत, अशा अर्थाच्या ओळीने होते. 'घर' हा शब्द कवीने त्या वास्तूसाठी तिथे राहायला जाण्याच्याही आधी वापरला. फेब्रुवारी १९१९ मध्ये मुलगी अ‍ॅन झाली, त्या उन्हाळ्यात कुटुंब तिथे राहिले. ऑगस्ट १९२१ मध्ये मुलगा मायकेल झाला. तान्ह्या मुलीच्या पाळण्याशेजारी वादळाचा आवाज ऐकत येरझारा घालणारा बाप ज्या कवितेत आहे, तिचे स्थळ हाच मनोरा आहे. नावाबद्दलही त्यांची भूमिका स्पष्ट होती. १९२२ मध्ये एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी पत्ता 'थूर बॅलीली' असा कळवला, थूर म्हणजे आयरिश भाषेत मनोरा हे समजावले, आणि या नावामुळे लोकांना हरणांची कुरणे राखलेल्या नव्या थाटाच्या गढकोटाचा संशय येणार नाही असेही म्हटले. ज्या माणसाने 'कॅसल' हा शब्द जाणूनबुजून टाकून दिला, त्याच्या घराला आपण पुन्हा किल्ला म्हणतो आहोत.

'अखेरपर्यंत एकांतात' हे पाचवे विधान. तिथला एकांत कसा होता हे १९२२ च्या उन्हाळ्यावरून कळते. जूनमध्ये आयरिश यादवी युद्ध पेटले तेव्हा पती, पत्नी आणि दोन लहान मुले बॅलीलीतच होती. वर्तमानपत्रे येत नव्हती, रस्ते अडवलेले होते, कोण कुठे मारले गेले याची नीट बातमी कळत नव्हती. ऑगस्टमध्ये एका रात्री प्रजासत्ताकवादी बंडखोर दारात आले, घरासमोरचा पूल सुरुंगाने उडवणार असल्याचे सांगून त्यांनी घरातल्यांना बाहेर पडण्यास मनाई केली, आणि काम उरकल्यावर शुभरात्री म्हणून आभार मानून गेले. तो पूल जणू आपणच त्यांना दिला होता अशा रीतीने ते गेले, असे येट्स यांनी नंतर लिहिले. पुलाच्या ढिगाऱ्याने प्रवाह अडला आणि तळमजल्यात पाणी शिरले. कवीच्या खिडकीजवळ भिंतीच्या भोकात साळुंकीच्या जातीच्या एका पक्ष्याने घरटे केले होते. त्या रिकाम्या झालेल्या घरट्यात मधमाश्यांनी येऊन पोळे बांधावे, असे विनवणारी कविता त्याच दिवसांची आहे. मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर जाणारी आई आणि खाली ओसरत नसलेले पाणी, हे चित्र तपस्व्याच्या गुहेचे नाही.

आणि वास्तव्य अखेरपर्यंतचे नव्हते. ते उन्हाळ्यापुरते होते. १९२२ मध्येच कुटुंबाने डब्लिनमधील मेरियन स्क्वेअरवर घर घेतले, वर्षअखेरीस येट्स नव्या राज्याच्या सिनेटचे सदस्य झाले, १९२३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवाळ्यात बॅलीलीला राहणे अशक्यच होते. हा सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी दगडाच्या फटींतून खाली मुरते, नद्या मध्येच भुयारात शिरून पुढे कुठेतरी वर येतात, आणि पाऊस जास्त झाला की जमिनीखालचे पाणी वर चढून सखल शेतांची तळी होतात, ज्यांना आयरिशमध्ये टरलॉक म्हणतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी वाहणारी नदी याच जातीची असल्याने हिवाळ्यात तळमजल्यात पाणी येणे ही दरवर्षीची बाब होती. कवीची प्रकृती ढासळू लागली तशी ती ओल सोसवेना. १९२९ नंतर कुटुंब तिथे राहायला गेले नाही. मनोरा पुन्हा मोडकळीस आला. येट्स यांचे निधन झाले ते २८ जानेवारी १९३९ रोजी, दक्षिण फ्रान्समधील रोकब्रून इथे. पुढे कवीच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६५ मध्ये, स्थानिक किल्टार्टन सोसायटीच्या प्रयत्नांतून मनोरा दुरुस्त होऊन लोकांसाठी खुला झाला. २००९-१० च्या हिवाळ्यातील महापुराने तो पुन्हा बंद पाडला, आणि २०१५ मध्ये पुन्हा गावकऱ्यांच्याच मेहनतीने त्याची दारे उघडली.

आता सहावे विधान, जे मराठी वाचकाला सर्वांत प्रिय आहे आणि म्हणूनच सर्वांत काळजीने तपासले पाहिजे. श्री पुरोहित स्वामी आपलेच होते, यात शंका नाही. १८८२ मध्ये अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात त्यांचा जन्म झाला आणि त्यांच्या शिक्षणाचा काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. गुरूंच्या आज्ञेने ते युरोपात गेले आणि येट्स यांची त्यांची भेट झाली ती १९३१ मध्ये, लंडनमध्ये. ही तारीख मनोऱ्याच्या तारखेशेजारी ठेवावी: येट्स कुटुंबाचे बॅलीलीतील राहणे १९२९ मध्ये संपले होते. दोघांनी उपनिषदांवर एकत्र काम केले ते १९३५-३६ च्या हिवाळ्यात, स्पेनच्या माजोर्का बेटावर, जिथे आजारी येट्स उबदार हवेसाठी गेले होते. स्वामी मूळ संस्कृताचा अर्थ सांगत आणि येट्स त्याला इंग्रजी वाक्यांचा घाट देत. मधेच येट्स इतके आजारी पडले की जॉर्ज यांना आयर्लंडहून धावून यावे लागले. स्वामी १९३६ मध्ये भारतात परतले, दहा मुख्य उपनिषदांचा तो अनुवाद १९३७ मध्ये प्रकाशित झाला, आणि १९४१ मध्ये स्वामींचे निधन झाले. याच मजकुराच्या काही प्रतींत 'गीतांजली'ची प्रस्तावनाही मनोऱ्यातच लिहिली गेल्याची भर घातलेली आढळते. ती प्रस्तावना १९१२ ची आहे, मनोरा घेण्याच्या पाच वर्षे आधीची.

स्वामींच्या कामाला मनोऱ्याची शोभा लावण्याची गरजही नाही, कारण त्यात मराठीचा याहून सच्चा धागा आहे. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांनी कैलास-मानसरोवराच्या यात्रेचे अनुभव मराठीत लिहिले होते. स्वामींनी ते इंग्रजीत आणले, त्याला येट्स यांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली आणि ते पुस्तक १९३४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. युरोपातल्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या कवींपैकी एकाने एका मराठी प्रवासवृत्ताच्या भाषांतरासाठी आपली लेखणी दिली, ही घटना तेव्हाची आहे जेव्हा येट्स डब्लिनजवळच्या रॅथफार्नममधील घरात राहत होते आणि बॅलीलीच्या रिकाम्या मनोऱ्यात हिवाळ्याचे पाणी दरवर्षी येऊन जात होते.